इशाऱ्याची बोली

काँगो, १२ सप्टेंबर २००९

प्रिय समीक्षा,

सप्रेम जय भीम. मी ठीक आहे. मध्ये ताप येऊन गेला, पण तो मलेरिया नव्हता. तुझं पत्र पोचलं. डी.एड. करणाऱ्या मुलीचं अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं असेल तर पोरं फळ्यावरून काय वाचतील, कोण जाणे.

आईला सांग, इथं आपल्यासारखं ऊन नाही, उलट सकाळी स्वेटर लागतो. डोंगर हिरवेगार. बायका उखळात पानं कुटून भाजी करतात. मी एकदा खाल्ली, कोचईच्या, म्हणजे तुझ्या पुस्तकातल्या अळूच्या, पानांची आठवण आली.

यादोराव काका माझ्या सत्काराचा बॅनर काढतायत आणि त्यावर 'शांतिदूत' लिहिणार आहेत, असं तू लिहिलंस. काकांना जय भीम सांग आणि तो बॅनर थांबव. कारण तूच काहीतरी शोध.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण इथं माझ्यामागे रांग असते आणि तिथं आई फोन स्पीकरवर ठेवायला लावते.

आईनं मला इकडं येऊ दिलं ते एका शब्दावर. शांतिसेना. तिला वाटलं, असल्या सेनेला गोळ्या देतच नसतील. निळं हेल्मेट घालायचं आणि भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहायचं. मी तिचा समज मोडला नाही. मोडला असता तर तिनं सोडलंच नसतं. आपल्या गावानं दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्यात, नक्षल्यांच्या आणि पोलिसांच्या. एक येऊन भात मागायचे, दुसरे येऊन भात कोणाला दिला ते विचारायचे. इथल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मला तीच भीती दिसते, आणि ती मला बघूनही दिसते.

गोळ्या देतात, समीक्षा. कधी चालवायच्या याचे नियम आहेत. आधी तोंडी इशारा, मग हवेत गोळी, मग माणसावर. तीही कोणाच्या जिवावर बेतलं असेल तरच. जूनमध्ये जंगलातल्या बंडखोरांनी पलीकडचं गाव जाळलं तेव्हा आम्हाला हुकूम यायला उशीर झाला. त्या गावचा मुखिया आमच्या दारात येऊन म्हणाला, बंदुका आहेत तर बसून काय राहता? तेव्हापासून आम्ही सगळेच आतून धुमसत होतो.

तोंडी इशारा इथल्या भाषेत, स्वाहिलीत, द्यायचा असतो. 'सिमामा', म्हणजे थांब. मी तो शब्द इतका घोकला होता की बरोबरचे जवान मला सिमामा म्हणूनच हाक मारायचे.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी भर दुपारी जंगलातले हत्यारबंद लोक बाजारात घुसले. पळापळ झाली. माझ्यासमोर एकजण एका बाईला हाताला धरून फरफटत नेत होता. तिच्या पाठीला लेकरू बांधलेलं. त्याच्या दुसऱ्या हातात कोयता होता. मी ओरडलो. छाती फुटेल इतक्या जोरात ओरडलो, "थांब बे! सोड तिले! काऊन ओढून राहिला?"

सिमामा तोंडात आलाच नाही.

तो थांबला. वळून माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलला, आणि त्याचा कोयत्याचा हात वर गेला. हवेत मारायला वेळ नव्हता. नियमात तेवढी सूट आहे. मी गोळी घातली.

तो हात बाईवर उगारला होता की मला शरण म्हणून वर केला होता, हे मला आजही कळत नाही. आमचा दुभाषा जवळच होता. त्यानं नंतर मला एकट्याला सांगितलं की तो माणूस विचारत होता, "काय म्हणतोस?"

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, इशारा दिला होता? मी म्हटलं, दिला होता, साहेब. सगळ्यांनी ऐकला होता. कुठल्या भाषेत, हे कोणी विचारलं नाही. आता शाबासकीपत्रासाठी माझं नाव वर गेलंय.

बाई वाचली. दुसऱ्या दिवशी ती आमच्यासाठी केळी घेऊन आली. मला एकही खाता आलं नाही.

नोव्हेंबरात माझी सुटी आहे. पण रविवारी आई विहारात सगळ्यांना शील देईल, 'पाणातिपाता' म्हणेल, आणि जीवहिंसा करणार नाही हे तिच्या मागून माझ्या तोंडून निघणार नाही. मला तिच्यासमोर बसायची भीती वाटते. यायचं की सुटी पुढं ढकलायची, ते तू सांग. आईला विचारू नकोस.

तुझा दादा,
रत्नपाल


ता. सालेकसा, ४ ऑक्टोबर २००९

प्रिय दादा,

जय भीम. तू सांगितलंस तिथं मी थांबले होते. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कागद त अजून भरून हाये. चूप काऊन झाली?" मी म्हटलं, संपलं. तर म्हणते, "मंग बाकीची शाई कायले नासवली त्यानं?"

मग मी सगळं वाचलं. रागव माझ्यावर. पण मला एकटीला ते पेलवलं नसतं.

ती रडली नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडत बसली. मग उठून काकांकडे गेली आणि बॅनर नको म्हणून सांगून आली. का, ते काकांनी विचारलं, तिनं सांगितलं नाही. आज विहारातून आल्यावर मला म्हणाली, लिव. ती बोलली तसंच लिहिते. मास्तरणीसारखं सुधारत नाही.

"रतन, जीव घाबरला का माणूस आपल्याच बोलीत बोंबलते. त्यात तुहा कसूर नाई. पण त्या माणसाले समजलं नाई, हे तुले ठावं हाये, दुभाष्याले ठावं हाये, साहेबाले ठावं नाई. त साहेबाले सांग. शाबासकी देतीन का नाई, ते जाऊ दे. उद्या तुह्या जागी दुसरीचा पोरगा उभा राहीन. त्याच्याही तोंडून घाबरून आपलीच बोली निघन.

"बाई वाचली, हे बेस झालं. तू बंदूक धरून नुसता पाहत राहिला असता, त मी तुले घरात घेतलं नसतं. पण माणूस तुह्याच हातानं मेला. ते मले पुसता येत नाई, तुलेही नाई.

"शील म्हणता येत नाई म्हणतं तू. अरे, मोडते म्हणूनच त दर रविवारी पुन्हा घेतो आपण. एकदा घेऊन भागलं असतं त रोज कायले म्हटलं असतं? सुटी ढकलू नोको. माह्या समोर बस. आवाज नाई निघाला त नुसता बस.

"पण येण्याआधी एक काम कर. दुभाष्याले संग घे अन् त्या माणसाचं नाव विचार. विहारात त्याचं पुण्यानुमोदन करू. गेलेल्याचं नाव घ्यावं लागते तिथं, 'कोणी एक माणूस' म्हणून चालत नाई. त्याची माय त्याले जशी हाक मारत होती, तसंच लिहून आण. मी घोकून ठेवीन."

एवढं सांगून ती चूल पेटवायला गेली आहे.

त्या नावाची वाट पाहते.

तुझी,
समीक्षा