गुरुजी असं म्हणाले नव्हते

१२ एप्रिल १९९९, सोमवार. सांगली
सकाळी अक्काचा फोन. तिच्या गावात किराणा दुकानात पीसीओ आहे, तिथून. म्हणाली, "बाळू, पेपरात माझं नाव न्हाई, पण गावाला कळलं हाय."

आमच्या दैनिकाच्या कालच्या पुरवणीतला माझा मजकूर. 'गावचे पाणी आधी गावाला' हे वाक्य गावात शाळा काढणाऱ्या, विहीर खोदणाऱ्या कै. भिवा गुरुजींचं नाही, एवढंच लिहिलं होतं. वाक्य तिच्या शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेलं, खाली गुरुजींचं नाव. ओढ्यापलीकडची बौद्धवस्ती यंदा गुरुजींच्या विहिरीवरून नळ मागतेय, आणि सरपंच संपतराव नाही म्हणताना त्या भिंतीकडे बोट दाखवतात.

मी 'शाळेतून कळले' असं लिहिलं होतं. संपादकसाहेबांनी वजन यावं म्हणून 'शाळेतील एका शिक्षिकेने सांगितले' केलं. त्या शाळेत बाई एकच. माझी बहीण.

छापून आल्यावर वाचलं.

१३ एप्रिल
अक्काला कसं माहीत, ते स्वतःसाठी लिहून ठेवतो. शाळेच्या फळ्यावर रोज एका मुलाने सुविचार लिहायचा. जुन्या हेडमास्तरांचा दंडक : खाली नाव हवंच, बिननावाचा सुविचार चालणार नाही. मुलांना थोरांची नावं कितीशी ठाऊक असणार. शाळा गुरुजींनी काढलेली, म्हणून काहीही सुचलं की खाली 'भिवा गुरुजी'. 'नखे रोज कापावीत – भिवा गुरुजी' हे अक्काने स्वतः पुसलंय. एका जयंतीला पेंटर आला, भिंत भरायची होती, वेळ नव्हता. त्या दिवशी फळ्यावर जे होतं ते त्याने भिंतीवर चढवलं. अक्का शेजारी उभी.

"तवाच का बोलली नाहीस?" विचारलं.
"तवा पाणी हुतं रं. कुणाचं काय अडलं न्हवतं."

१५ एप्रिल, गुरुवार
संपतराव ऑफिसात आले, चौघांना घेऊन. आरडाओरडा नाही. चहा घेतला, साखर कमी म्हणून पुन्हा मागितली. त्या शांतपणाचीच भीती वाटली.

टेबलावर एक कागद ठेवला. गावचा एक मुलगा अमेरिकेत आहे, त्याने गुरुजींवर इंटरनेटचं पान काढलंय, त्याची ही छापील प्रत. "वाक्य हाय का न्हाई? समद्या जगानं वाचलंय. आन् तुमी म्हणताय, न्हाई."

मी गुरुजींच्या भाषणांचं पुस्तक पुढे केलं. यात नाही म्हटलं. विहीर खोदली तेव्हाचं भाषण काढून दाखवलं. घागर घेऊन येईल त्याची ही विहीर, असं सांगितलंय त्यांनी.

त्यांनी पुस्तक बोटांनी चेपून पाहिलं. "एवढंच? आवं, एवढं तर गुरुजी एका लग्नात बोलायचे. तुमी हुता का समद्या टायमाला संगं?"

गुरुजी काय म्हणाले हे पुस्तक सांगतं. काय म्हणाले नाहीत, हे कशात दाखवू?

मजकूर चुकला असा खुलासा हवाय, माझ्या सहीचा. एक मेच्या ग्रामसभेत ते माईकवर वाचणार. उठताना म्हणाले, "बाई एकट्याच ऱ्हात्यात. आमाला काळजी वाटती."

१७ एप्रिल
ऑफिसात कॉम्प्युटरवर पानं लावणारा हमीद मला विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत घेऊन गेला. पान उघडायला इतका वेळ, की त्याचं पान खाऊन झालं. गुरुजींचा फोटो, ते वाक्य, आणि खाली बारीक अक्षरात आधार : आमचंच दैनिक, जयंतीचा अंक.

हमीद हसला. मग हसायचा थांबला.

जयंतीच्या चौकटीसाठी आमचा डेस्क दरवर्षी ग्रामपंचायतीला फोन करतो, तिथला क्लार्क खिडकीतून भिंत बघून वाक्य सांगतो. भिंतीवरून आमच्याकडे, आमच्याकडून अमेरिकेला, अमेरिकेहून संपतरावांच्या खिशात.

साहेबांना सांगितलं. "म्हणजे आपणच दरवर्षी छापतोय. ते आता आपणच खोटं म्हणायचं?" खुलासा लिहा म्हणाले. तुमच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही.

२० एप्रिल
अक्काचा फोन. "मी ठीक आहे. आपण सर्वांनी काळजी करू नये."
माझ्याशी अशी पुस्तकी कधी बोलत नाही. दुकानात ऐकणारे असणार. कोण? किती जण? बायको, नलू, म्हणाली, "अहो, जाऊन घेऊन या त्यांना." अक्का येणाऱ्यातली आहे का.

२४ एप्रिल, शनिवार
अक्का कामाला वडूजला आली होती, स्टँडवरच्या पीसीओवरून मोकळी बोलली. विहिरीवर ती गेली की बायका रहाट सोडत नाहीत. कोणी भांडत नाही, नुसतं तिच्याकडे बघत नाहीत. वस्तीतली शांता तिच्या वाटणीतलं अर्धी घागर पाणी दारात ठेवून जाते. परवा कौलावर धोंडा पडला.
"कुणी टाकला?"
"माझाच इद्यार्थी असंल. नेम चांगला हाय."
मला हसू येईना. म्हटलं, खुलासा देऊन टाकतो, प्रकरण मिटेल, तू निवांत राहशील.
एसटीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली,
"मग गुरुजी खरंच तसं म्हणलं, असं हुईल. आन् शांताला नळ कवा?"

२९ एप्रिल
अर्ध्या तासात अग्रलेख लिहिणारा मी. चार ओळींना दिवस गेला. 'सदर वाक्य गुरुजींचे नाही असे म्हणण्यास आमच्याकडे पुरावा नाही.' यात खोटं काही नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. हमीदने टाईप करून दिलं. डोळे वर न करता म्हणाला, "दादा, वाचतील तेव्हा बाई समोर बसलेल्या असतील." कागद मीच घेऊन जातो असं साहेबांना सांगितलं. तिच्याजवळ असावं म्हणून. की तिला गप्प करावं म्हणून? कागदाचं नलूला सांगितलेलं नाही.

१ मे, शनिवार. शाळेत, सातवीच्या बाकावर
विट्यावरून पहिल्या गाडीने आलो. झेंडावंदन झालं, मुलं निकाल घेऊन पांगली. पटांगणात लिंबाखाली माईक लावताहेत. माणसं जमताहेत, खूपच. ओढ्याकडूनही येताहेत, ती वेगळी, कडेला बसताहेत. भिंतीला टेकून काही तरणी पोरं उभी आहेत. एकाच्या हातात काठी आहे. नुसती असेलही.

अक्काने विहिरीचं भाषण काढून पुस्तकात खडूचा तुकडा ठेवलाय. पहिल्यांदा ते वाचणार, मग पेंटरचं सांगणार. पोरांनी प्रश्न विचारले तर बरं हुईल म्हणाली, जसं काही तासच घ्यायचाय. पदर खोचताना मात्र बोटं धड चालत नव्हती. तिलाही भीती वाटते, हे आजवर मला माहीत नव्हतं.

सांगलीला चल म्हटलं. आत्ता. मागच्या दाराने, बारा वाजायच्या आत वडूज गाठू.

तिने विचारलं, "बाळू, तू माझ्या शेजारी बसाय आलायस, का मला उठवाय आलायस?"

तोंड धुवायला गेलीय. संपतरावांचा माणूस दारात येऊन गेला, कागद आणलाय का विचारून. आणलाय म्हणालो. सही केलेली नाही. पेन हातातच आहे, त्याच पेनाने हे लिहितोय.