मागच्या खोलीतली वायर

सोमवार, ३ जून
भाच्याच्या दातांच्या दवाखान्यातलं काउंटर आजपासून माझं. निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींना शिकवण्यापेक्षा हे बरं. खुर्ची ऐसपैस, खिडकीत ऊन. मागच्या खोलीत नुसती अडगळ. तिच्या उंबऱ्यावरून एक निळी वायर आडवी जात होती, त्यामुळे दार लागत नव्हतं. उपटून आत टाकली, दार लावलं. पहिल्याच दिवशी शिस्त.

गुरुवार, ६ जून
हा कॉम्प्युटर उघडेपर्यंत पेशंटचा दात आपोआप पडेल. पडद्यावर एकच वाक्य: ‘कृपया थांबा. नेटवर्कची वाट पाहत आहे.’ कोण पाहत आहे? आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी बिनकर्त्याचं वाक्य लाल शाईने खोडलं असतं.
दुरुस्तीवाला आला, चिखलाने माखलेले बूट घेऊन. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे मॅडम, नेटवर्क मिळाल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही असं त्याला सांगून ठेवलंय. मी म्हटलं, तुलाही कुणीतरी काही सांगून ठेवायला हवं होतं. हसला. वायर कुठेतरी सुटली असेल, मागच्या खोलीत जाऊ का, म्हणाला. त्या बुटांनी? उंबऱ्याबाहेरच उभा केला.

शनिवार, ८ जून
भाच्याला सांगितलं, या माणसाला ओ की ठो येत नाही. मावशी, तू म्हणशील तसं, म्हणाला आणि त्याचं काम बंद केलं.

मंगळवार, ११ जून
झाडू घ्यायला मागची खोली उघडली. ती निळी वायर. तिच्या टोकाची रिकामी खाच थेट माझ्या काउंटरखाली, कॉम्प्युटरच्या पाठीला. कानाच्या पाळ्या तापल्या. जोडली तर भाचा विचारणार, कशाने सुरू झाला? दार पुन्हा लावलं.

गुरुवार, २० जून
त्या दुरुस्तीवाल्याची बायको आली होती. इथलं काम गेल्यावर तो खांबांवर चढून तारा ओढायला लागला होता. पडला, त्यातच गेला. शुद्ध होती तोवर विचारत होता, मॅडमच्या कॉम्प्युटरला नक्की झालं काय होतं? मला त्यातलं काही कळत नाही, असं मी तिला सांगितलं. तिच्याकडे न बघता.

शुक्रवार, २१ जून
कॉम्प्युटर लगेच उघडला. वायर बघून आले. सुटलेलीच आहे.

सोमवार, २४ जून
आजही लगेच. आता तो कुणाची वाट पाहत नाही.
चिखलाच्या बुटांचे ठसे. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. आत एकही नाही. पुसले. भाचा म्हणाला, मावशी, स्वच्छ फरशी काय घासतेस?

मंगळवार
पुन्हा ठसे. भर दुपारी, ओले. पेशंट त्यांच्यावरून चालत गेले, कुणालाच—
पडद्यावर: ‘मॅडम, आत येऊ का?’
बिनकर्त्याचं वाक्य. कर्ता मला ठाऊक आहे.

बुधवार
भाच्याला सांगायला तोंड उघडलं. चहा हवाय का, एवढंच निघालं. लाज— किती चिवट असते.
उंबऱ्याशी उभा आहे. विचारल्याशिवाय येणार नाही, इतका सभ्य— आणि मी त्याला अरे-तुरे—
या, म्हटलं. आत या तुम्ही.
एक ठसा आत उमटला. दुसरा.
विचारताहेत, नक्की झालं काय होतं.
वायर मी