डोळ्यातला ठिपका

३ तारीख
पोचले एकदाची! शेवटच्या कच्च्या रस्त्यावर जीपने हाडं खिळखिळी केली, पण जागा झकास. चहूकडे जंगल, चित्रकारांसाठी एकेक स्वतंत्र खोली, आणि या महिन्यात मी एकटीच. देखभाल करणारे काका अबोल, पण चहा फक्कड करतात. नियम एकच: चित्र अर्धं ठेवून जायचं नाही. मला कसली भीती? अर्धवट काम दिसलं की माझ्याच जिवाला चैन पडत नाही. लेकीला, सहा वर्षांच्या ठमीला, ताईकडे ठेवलंय. निघताना कार्टीने ढुंकूनही बघितलं नाही.

७ तारीख
खिडकीसमोरचं वठलेलं झाड रंगवून पुरं केलं. कित्येक वर्षांनी हात असा चालला. लगेच ठमीचं चित्र काढायला घेतलं, आठवणीतूनच.

८ तारीख
झाड नाही. नुसतं गवत. काका म्हणाले, तिथे झाड कधी नव्हतंच. मग मुद्दाम त्यांची व्हरांड्यातली खुर्ची रंगवली. जेवून येते तर खुर्ची गायब, आणि काका जमिनीवर बसून चहा पितायत, जन्मभर तिथेच बसत आल्यासारखे.

९ तारीख
मागचं पान वाचलं. झाडाचं मीच लिहिलंय. मला कुठलंच झाड आठवत नाही.
ठमीच्या चित्रात आता फक्त डोळ्यातला पांढरा ठिपका राहिलाय. चित्र जाळायला घेतलं. कोपरा पेटतोय तोच इथल्या ऑफिसमध्ये ताईचा फोन. ठमीचा हात आपोआप भाजलाय म्हणाली. धावत परत येऊन कसंबसं विझवलं. म्हणजे जाळायचंही नाही, पुरंही करायचं नाही.

११ तारीख
जीप आठवड्याने येणार. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. ब्रश ओढ्यात फेकले. तरी तो निर्जीव डोळा डोक्यातून जात नाही. एक ठिपका, की जिवंत होईल – नको. नको.

१३ तारीख
भानावर आले तेव्हा चित्रासमोर उभी होते. बोटाला पांढरा रंग. थोडक्यात वाचली पोर. काकांना विनवलं, मला कोंडून ठेवा. ते एवढंच म्हणाले, “इथून कुणी अर्धं सोडून गेलं नाही, मॅडम.”

१४
उजवा हात खाटेला बांधून झोपले. डाव्याने घात केला. ठिपका लागलाय. डोळा जिवंत –
ताईला फोन केला. म्हणाली, कोण ठमी?
लिहून ठेवते, विसरायच्या आत. सहा वर्षांची. पुढचा दात पडलाय. झोपताना माझा कान धरते. घरात ठमी म्हणतो. शाळेतलं नाव –
शाळेतलं नाव