राईतलं लाकूड

गुरु. २८ जुलै ८३

आक्काने दिवाळीत ही वही दिली तेव्हा रोज लिहीन म्हणालो होतो. पाडव्याच्या दोन ओळी आहेत, त्यानंतर थेट आज. मधे सायकलचं दुकान सोडलं, नर्सरी सोडली. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, बूड टेकत नव्हतं. आज टेकलंय कारण बाहेर पाय टाकायची सोय नाही.

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला आहे, नानांच्या रानघरात. नाना म्हणजे पुण्याचे रिटायर ड्रॉइंगमास्तर. जंगलात कारवीच्या कुडाच्या तीन झोपड्या बांधल्यात, शेणाने सारवलेल्या. शहरातली माणसं हौसेने राहायला येतात. नर्सरीत असताना इथे रोपं पोचवायला आलो होतो, तेव्हा म्हणाले होते, ‘‘आषाढात ये. असा धबधबा बघितला नसशील.’’ ते डोक्यात बसलं होतं.

सोमवारी एक तारखेला भाऊजींच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागायचंय. भाऊजींनी फोरमनकडे शब्द टाकलाय. उभ्या आयुष्यात खाडा न करणारा माणूस, कुणाकडे काही मागत नाही, माझ्यासाठी मागितलं. निघताना आक्का म्हणाली, ‘‘फिर एकदाचा पोटभर. पण सोमवारी ह्यांना मान खाली घालायला लावू नकोस, दिन्या.’’ रविवारच्या एस.टी.ने परत. नक्की.

शुक्र. २९

धबधबा दिसला नाही. समोर नुसतं पांढरं. आवाज मात्र असा की छातीत वाजतो. सकाळी दोनदा जाऊन उभा राहिलो, दुपारी पुन्हा. धुकं हलेना.

इथे स्वयंपाकाला वाडीतली सखूमावशी येते. मला भिजून परत आलेला बघून हसली. ‘‘धबधबा कुटं पळतुया व्हय? तुझ्याच पायाला भवरा हाय.’’

मावशी घरी गेली आणि दुपार टळताना ओढ्यावरचा साकव, म्हणजे पलीकडे जायचा आडवा ओंडका, वाहून गेला. ओढ्याच्या पलीकडे सडक आणि वाडी. अलीकडे रानघर, वाडीची भातखाचरं, वर झाडी आणि धबधबा. म्हणजे सगळ्यांचंच येणंजाणं त्या साकवावरून. दोन नंबरच्या झोपडीतलं पुण्याचं जोडपं घाबरलं. बाई म्हणते, आम्हाला उद्या जायचंच आहे. नाना नुसते फेऱ्या मारतायत.

मला काय, हात शिवशिवत होते. वर झाडीत शिरलो. तिथे एक खोड आडवं पडलेलं, सरळसोट, मांडीएवढं जाड, वाळून हलकं झालेलं. उतारावरून लोटत, ढकलत खाली आणलं. दोन खडकांच्या मधे, जुन्या साकवाच्या जागी बरोबर बसलं. नाना नाचायचेच बाकी होते. ‘‘कमाल आहे रे तुझी! इथेच राहा. पाहुण्यांना धबधबा दाखवायला माणूस हवाच आहे मला.’’

नाही म्हणालो. पण मघापासून डोक्यात तेच

शनि. ३०

सखूमावशी आली नाही. दूध नाही. नानांनी कोरा चहा केला, जोडप्याने तो तोंड वाकडं करून घेतला आणि माझ्या लाकडावरून पलीकडे गेली दोघं. जाताना बाईने माझे फार आभार मानले. बरं वाटलं.

मग बघतो तर वाडीतली माणसं खाली, रुंद जागेतून ओढा ओलांडतायत. आवणीला, भाताची रोपं लावायला, खाचरात यायचं म्हणून. एकमेकांचे हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून. चांगला पूल वर असताना! मी इकडून ओरडलो, ‘‘वरनं या की!’’ कुणी मान वर केली नाही.

दुपारी वाडीत गेलो. सखूमावशीचा नवरा कोंडिबामामा ओट्यावर इरलं दुरुस्त करत होता. बस म्हणाला नाही. मावशीच बाहेर आली.

‘‘लाकूड कुटनं आनलंस?’’

‘‘वरच्या झाडीतनं. पडलेलं होतं.’’

‘‘झाडी न्हवं ती. आईची राई हाय, देवीची. तितली वाळली काटकी बी आमी भायेर काढत न्हाई. माझ्या बाळतपनात जळान सपलं, तवा बाजेचं पाय जाळलं सासूनं, पर राईत गेली न्हाई.’’

‘‘मला काय माहीत, मावशी.’’

‘‘म्हनून तर कुनी काय बोललं न्हाई तुला. पर आईच्या लाकडावर पाय कसा ठिवायचा, सांग.’’

कोंडिबामामाने घरामागे एक वासा काढून ठेवलाय साकवाला. पण टाकायची जागा ती एकच, आणि तिथे माझं लाकूड. ते कुणी उचलणार नाही. मामा पहिल्यांदाच बोलला, इरल्यातनं नजर न काढता. ‘‘ज्यानं आनलं त्यानंच न्ह्यायचं आस्तंय.’’

नानांना सांगितलं. ते वरमले. इतकी वर्षं येतोय, मला कुणी बोललं नाही कसं, म्हणत राहिले. मग म्हणाले, ‘‘तू उद्या एस.टी. पकड. नोकरी महत्त्वाची. पाणी ओसरलं की बघू आम्ही.’’

पाणी आषाढात ओसरतं का?

रवि. ३१

पिशवी घेऊन निघालो. लाकडावरून जाताना चप्पल हातात घेतली. का घेतली कुणास ठाऊक, कुणी बघत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. पलीकडे पोचून वळलो तर खाली सखूमावशी ओढ्यात. डोक्यावर रोपांचा भारा, पाणी पोटाला लागलेलं. मधेच एक पाय सटकला. भारा गेला वाहत. ती सावरली, उभी राहिली थोडा वेळ. मग तशीच पुढे.

सडकेवर एस.टी. आली. मी दाराच्या दांड्याला हात लावून उभा. कंडक्टर म्हणाला, ‘‘चढतुस का गाडीला ववाळतुस?’’

दांडा सोडला.

परत येताना ओढ्यातून आलो, खालच्या अंगाने. पाणी ओढतं. चांगलंच ओढतं.

सोम. १ ऑगस्ट

सात वाजता भाऊजी गेटवर उभे असतील. फोरमन विचारेल. हाच विचार सकाळभर, आणि हातात दोर.

खाली येताना लाकूड आपण होऊन येत होतं. वर जाईना. भिजून जड झालेलं, चिखलाने निसटतं. दोर बांधून ओढलं, मग मागून खांदा लावला, मग पुन्हा दोर. नाना मदतीला आले, त्यांना हात लावू दिला नाही. अर्ध्या चढावर कोंडिबामामा दिसला. इरलं पांघरून माझ्या मागे मागे चालायला लागला. हात लावायचा नाही, तोंड मात्र चालू.

‘‘डाव्या अंगाला घे. तितं निसरडं हाय. आरं डावं म्हंजी कंचं, जेवतुस कंच्या हातानं?’’

घसरलो. लाकूड पायावरून जाता जाता राहिलं.

‘‘मेलास तर तुझ्या घरच्यास्नी काय सांगू?’’

‘‘सांगा, कामावर लागला.’’

मामा खो खो हसला. त्या हसण्यानंतर चढ जरा बरा गेला.

राईत पोचलो तर जुनी जागा तशीच, पाचोळ्यात लांब खळगा. त्यात ठेवलं. मामा लांबून म्हणाला, ‘‘आसंच हुतं का?’’ मी बघितलं. थोडं उजवीकडे होतं. सरकवलं. मामाने हात जोडले. मीही जोडले.

बाहेर येताना मामा म्हणाला, ‘‘बरं, दिसला का?’’

‘‘काय?’’

‘‘धबधबा. मगाशी चढावर आस्ताना धुकं फाटलं हुतं की. उगडा पडला हुता निस्ता, वरपास्नं खालपत्तूर.’’

‘‘मग सांगायचं नाही?’’

‘‘तू खाली मान घालून हुतास. म्हनलं, पाय घसरंल.’’

उभा राहिलो बराच वेळ. पांढरं.

मंगळ. २

खांदा सोलून निघालाय. सखूमावशी आली. दूध आणलं. खांद्याला खोबरेल लावलं आणि भाकरी थापायला बसली.

‘‘ऱ्हातुस का जातुस?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘सांग. पीठ तेवढं मळते.’’

नाना पुन्हा म्हणाले, राहा. राहावंसं वाटतं. पण इथेही चार महिन्यांनी पायाला भोवरा फुटला तर? आक्काला पत्र लिहायचं म्हणून सकाळपासून बसलोय. ती. सौ. आक्कास, एवढंच झालंय. एका लाकडापायी नोकरी घालवली असं लिहू? ते खरंच आहे, पण वाचताना कसं वाटेल. भाऊजींना वाटेल नेहमीचीच थाप. लाकडाचं सुद्धा पुरं खरं आहे का? दांडा सोडला तेव्हा आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलंच होतं.

साकवाचा वासा अजून टाकलेला नाही. सकाळपासून पाणी चढलंय. मामा म्हणतो, दुपारनंतर, चार हात मिळाले तर.

मावशी हाक मारतेय ओढ्यावरून. ‘‘दिनूऽ, तुझं कुनीतरी आलंय. पलीकडं हुबं हाय.’’

दारातून बघितलं. छत्री. खाकी कपडे, कारखान्याचे. मंगळवार, भर दुपार, आणि भाऊजी. खाडा करून.

काहीतरी ओरडतायत, पाण्यापुढे ऐकू येत नाही. एका हाताने पँट वर दुमडतायत. मावशी किंचाळतेय, त्येंला तितंच थांबव.

चाललो. दोर कुठे टाकला काल