तक्त्यात दादा कुठं?

मंगळवार, संध्याकाळ

कोणते उद्योग बाहेरगावासाठी माल बनवतात, हे कामगारांच्या संख्येवरून काढायचं. राज्याच्या मानानं इथं ज्यात माणसांचं प्रमाण जास्त, ते. उद्या कॉलेजात मॅडमना तक्ता द्यायचाय, आणि त्यात गाड्यांचे सुटे भाग फक्त शहरापुरते! तीनदा तपासलं. चुकले कुठं?

दादा चितेगावच्या कारखान्यात तेच बनवतो. हसला, "व्हय, आमचे सगळे ब्रेक आपल्या मुकुंदवाडीच्या रिक्षांनाच!" मग त्यानं कामावरचं कार्ड दाखवलं. नोकरी कंत्राटदाराकडं, म्हणून त्याची नोंद सुट्या भागांत नाही, 'मनुष्यबळ पुरवठा' या उद्योगात. असे अजून किती? पण मनानं आकडा कसा वाढवू?

आई म्हणाली, "तुला पाढे शिकवताना मी काय सांगायचे? अडलं तर अडलं म्हणायचं."

तक्त्याखाली टीप लिहिली: 'सुट्या भागांच्या आकड्यात कंत्राटी कामगार, म्हणजे माझा सख्खा भाऊसुद्धा, मोजायचे राहिले आहेत.'

मॅडम हसल्या तर हसू देत.