नऊ महिन्यांची सुटी

प्रिय भिंगरी,

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर तू माझी वाक्यं पुरी करतेस, आणि आज जे सांगायचंय ते माझं मलाच पुरं करायला हवं. सकाळचे दहा वाजलेत. आज दुकानाला सुटी आहे, तुझे बाबा जुन्या मित्राकडे गेलेत. दुखणं पावणेचारला येईल, म्हणजे अजून बराच वेळ हातात आहे. हसू नकोस, ते घड्याळ लावून येतं. एवढे वक्तशीर तर तुझे बाबा लग्नालाही नव्हते.

इथलं बरं चाललंय असं लिहायची सवय आहे, पण तसं नाही. पूर्वी हे दुखणं वर्षाकाठी सहा-सात आठवडे यायचं आणि सामान गुंडाळून निघून जायचं. पाळी बंद झाली आणि त्यानं इथेच मुक्काम ठोकला. चौदा महिने झाले, एक आठवडा मोकळा मिळालेला नाही. मालक चांगले आहेत, मला दोनलाच घरी सोडतात. चष्म्याच्या काचेची कड घासताना हात थरथरला तर काच वाया जाते, आणि दुपार जवळ आली की माझा हात नुसत्या धास्तीनंच थरथरतो. तुझ्या बाबांनी घरं रंगवणं सोडल्यापासून रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावल्यात. आतापर्यंतचं एकूण पीक चार. त्यातली एक त्यांनी दाखवायला म्हणून शेजारी नेली, ती शेजाऱ्यांनी खाल्ली.

माझं दुखणं तू लहानपणापासून बाहेरून पाहिलंस. उजवा डोळा लालभडक, त्याच बाजूचं नाक गळतंय, आणि आई स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत फेऱ्या मारतेय. आतून ते कसं असतं हे मी तुम्हा दोघी बहिणींना कधी सांगितलं नाही. आमच्याकडे बिनफ्रेमच्या चष्म्यासाठी काचेला भोक पाडायचं यंत्र आहे. ते डोळ्याच्या मागे बसवलंय आणि आतून बाहेर फिरतंय असं समज. तास-दीड तास. रोज. गच्चीच्या दाराची किल्ली बाबांच्या खिशात का असते, असं तू एकदा विचारलं होतंस. मीच त्यांना ती ठेवायला सांगितलीय. त्यावर एवढंच.

पहिल्यांदा आलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कुणी म्हणालं सर्दी साठलीय, कुणी म्हणालं दाढेचं आहे. दोन चांगल्या दाढा काढून झाल्या. तुझी आजी म्हणायची, 'कामाची वेळ झाली की हिचं डोकं बरं दुखतं!' मी तिला दोष देत नाही. पाच वाजता जमिनीवर डोकं आपटणारी बाई सहा वाजता उठून कणीक मळायला लागली, तर कुणाला खरं वाटेल? पाळीच्या आधीचे चार दिवस सगळ्यात वाईट जायचे, हे मला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बायकांचं असतंच असं.

मग तुझी ताई पोटात राहिली आणि दुखणं गेलं. ठरलेल्या दिवसांत मी रोज वाट पाहायची, ते आलंच नाही. नऊ महिने. मी दुपारी झोपायला शिकले, भिंगरी. ताई तीन महिन्यांची झाली आणि ते परत आलं.

आता जे लिहिणार आहे ते तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. ताई तीन वर्षांची होती. मी न्हाणीघरात कपाळ फरशीला लावून बसले होते आणि ती मागून गळ्यात पडली. मी तिला ढकललं. चुकून लागलं असं नाही, दोन्ही हातांनी ढकललं. तिच्या हनुवटीवरचा व्रण बादलीच्या कडेचा आहे. घसरून पडली असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढे तिलाही तेच सांगत राहिले. त्या आठवड्यात मी मनाशी हिशोब केला की दिवस गेले तर नऊ महिने सुटका. तुझ्या बाबांना म्हणाले, पोरीला भावंड हवं. ते म्हणाले, 'अगं, या एका खोलीत आपण तिघंच आडवे झालो तर दार उघडत नाही.' मी हट्टाला पेटले, रडले, दोन दिवस अबोला धरला. ते बिचारे विरघळले. त्यांना वाटलं बायकोला आईपणाची हौस आहे. मला हौस नव्हती. मला सुटी हवी होती.

ती मिळाली. तुझ्या वेळचे नऊ महिने हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस. मी चालत दुकानात जायची, वाटेत गाणं म्हणायची. तुझा जन्म झाला तेव्हा मी इतकी रडले की नर्सबाईंनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, आनंद असाच असतो. बाळा, मी सुटी संपली म्हणून रडत होते. एकेचाळिसाव्या दिवशी तू अंगावर पीत असताना ते आलं. मी तुला गादीवर ठेवलं आणि तुझ्याकडे पाठ फिरवली. तू रडून रडून निळी पडलीस तरी मला वळता येईना. पुढची कितीतरी वर्षं मी तुझं सगळं केलं, पण तुझ्याकडे नीट पाहिलं नाही. तू माझं काही देणं लागत होतीस आणि ते बुडवलंस, असं मला वाटायचं. एवढ्याशा जिवाबद्दल.

आलं. पुढचं नंतर लिहिते.

साडेपाच वाजलेत. मास्क लावून ऑक्सिजन घेतला, वीस मिनिटांत उतरलं. वरच्या ओळीवरचा डाग डोळ्यातल्या पाण्याचा आहे, रडण्याचा नाही. बाबा परत आलेत, चहा टाकतायत.

तू तीन वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले, तेही त्याच कारणानं. त्या वेळी मात्र पाचव्या महिन्यातच दुखणं आलं, आणि पहिल्यापेक्षा भयंकर. डॉक्टरांनी बजावलं होतं की विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही. बारा दिवस काढले. तेराव्या दिवशी घरात होत्या त्या सगळ्या गोळ्या घेतल्या. कसल्या, किती, काही पाहिलं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी बाळ गेलं. मुलगा होता. मी जिन्यात पडले म्हणून गेला असं बाबांना वाटतं, आणि ते अजून मला जिन्यावर हात देतात. गोळ्यांनी झालं की आपोआप, हे मी कुणाला विचारलं नाही. होय म्हणाले तर काय करू, म्हणून.

बावीस वर्षं हे अंगावर काढल्यावर आठ वर्षांपूर्वी आपल्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी एकच विचारलं, 'दुखताना पडून राहता की फिरता?' मी म्हटलं, फिरते, पडवतच नाही. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक, म्हणजे झुंडीनं येणारी डोकेदुखी. नाव मिळालं म्हणून मी रडले. पाळीचं आणि पोटुशीपणाचं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, 'तुमच्यासारखं सांगणाऱ्या बायका आहेत. काही पुरुषांतही हार्मोन कमी सापडलेत. संबंध असावा असं वाटतं, पण सगळ्यांच्या बाबतीत तसं दिसत नाही, आणि कसा आहे ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही.' भिंगरी, ज्याच्या भरवशावर मी दोन मुलं मागितली ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही.

रविवारी तू फोनवर सांगितलंस की दोन वर्षांपासून तुझा उजवा डोळा दुखतो, पाळीच्या आधी जास्त, आणि ऑफिसात तू जिन्याखाली जाऊन फेऱ्या मारतेस. मग म्हणालीस, 'ताई सांगत होती, आम्ही पोटात असताना तुझं थांबलं होतं म्हणे. आम्हीही आता मुलाचा विचार करतोय. आई, खरंच थांबलं होतं का?' मी भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. थांबलं होतं, बाळा. दोनदा थांबलं आणि तिसऱ्यांदा नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हा एका दुपारी दुखणं उतरल्यावर तू माझा डोळा तुझ्या फ्रॉकनं पुसलास आणि म्हणालीस, 'गेला का गं तो बाऊ?' त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा पाहिलं. चार वर्षं उशीर झाला. तुझ्या मुलाच्या वाट्याला असली चार वर्षं येऊ देऊ नकोस. मूल हवं असेल तर हो, शंभरदा हो, पण मुलासाठी. आधी डोळ्याचं बघू. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे अकराची वेळ घेतलीय, तुझ्या नावानं. हे सगळं वाचून माझा राग येईल, घृणाही वाटेल. रागातच ये. वाटभर माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. पण ये.

तू ठेवशील तशी, तुझीच,
आई