जयासाठी तेल

॥ श्री ॥
डहाणू रोड,
ता. १९-१०-५८

ती. सौ. यमुताईस,
प्रल्हादचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. जया तिथे रुळली, दिगू आणि शरूच्या मागे 'मी पण, मी पण' करत हिंडते, हे वाचून बरे वाटले. आई गेलेल्या पोरीला तू पदराखाली घेतलेस म्हणून मी नोकरी करू शकतो. पुढच्या महिन्यात वसूला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध येथेच करीन. तुम्ही कोणी येण्याची तसदी घेऊ नका, पोरीला प्रवास नको.

कॉड लिव्हर तेल संपल्याचे लिहिलेस. येथील औषधवाला म्हणाला, की विलायती माल येणे बंद झाले, मुंबईलाही सहज मिळणार नाही. मालधक्क्यावर मासळीच्या पाट्या घेऊन लडक्या मांगेला येतो, त्याच्याजवळ सहज बोललो. तो म्हणाला, साहेब, त्यात काय मोठे, मुशीच्या काळजाचे तेल आमच्या घरी डबाभर आहे, आम्ही होडीला चोपडतो. आज सकाळी धाकट्या डहाणूला जाऊन घेऊन आलो. विलायतीपेक्षा दाट आणि पिवळे आहे. तू पाठवलेली रिकामी बाटली धुऊन त्यातच भरले. बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिले आहे तसेच, रोज एक लहान चमचा दे. डॉक्टरांचे व्हिटॅमिनचे थेंबही बंद करू नको.

तुझ्या सासूबाईंना, काकूंना, कळू देऊ नको. विलायती बाटली औषध म्हणून खपली, पण त्यांच्या सोवळ्याच्या घरात असे उघड मासळीचे तेल पाठवणे बरे नव्हे, हे मला समजते. पण वसूच्या शेवटी डॉक्टर म्हणाले होते, की हिच्या अंगात काही साठाच नव्हता. ते वाक्य डोक्यातून जात नाही. जयाच्या अंगात साठा झाला पाहिजे.

वासुदेवरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच चालू ठेव.

तुझा
प्रल्हाद


॥ श्री ॥
तलासरी,
ता. १६-११-५८

चि. प्रल्हाद यास,
यमुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीज तुझ्याविना झाली. दुःखाचं वर्ष म्हणून मी आग्रह केला नाही, पण तुझा पाट सवयीने मांडला गेला. खाणावळीच्या डब्यात भाजी असते की नुसतं तिचं पाणी, ते खरं खरं लिही. तुला विचारलं की तू 'ठीक आहे' म्हणतोस. लहानपणी ताप आला तरी तेच म्हणायचास.

तेल एस. टी.च्या कंडक्टरने नीट पोचवलं. बाटली गोवऱ्यांच्या ढिगामागे ठेवते. दिवेलागणीला आई मारुतीला जातात, तेवढ्यात जयाला परसात नेऊन चमचा देते आणि वर गुळाचा खडा. तोंड वेडंवाकडं करते, पण गिळते. आईंचे गुडघे दुखतात, तरी हल्ली देवळात जाणं चुकत नाही, म्हणून माझं निभतं. त्यांना फसवते याचं मात्र मनात खुपतं.

जया थोडी किरकिरी झाली आहे. ओठांच्या कडा चिरल्या आहेत. काल वेणी घालताना फणीला केसांचा पुंजका आला. आईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. हे म्हणाले, की दात येत असतील. अठरा वर्षं मास्तरकी करून माणूस सगळ्याला दातच म्हणतो.

तू काळजी करू नकोस. प्रकृतीला जप, माया धर.

तुझी
यमुताई


॥ श्री ॥
डहाणू रोड,
ता. २०-११-५८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केसांचे वाचून मला रात्रभर झोप आली नाही. वसूचेही केस असेच गळू लागले होते, तेव्हा आम्ही दोघेही त्यावर हसलो होतो. हा अशक्तपणा आहे, दृष्ट नव्हे. उद्यापासून तेल दोन चमचे कर. आजच्या एस. टी.बरोबर मोठी बाटली पाठवत आहे. लडक्या हसून म्हणाला, की साहेब, पोर मुशीसारखी पोहायला लागेल.

थेंबही चालू ठेव. तुझ्यावर भार टाकतो आहे, तो जाणतो.

तुझा
प्रल्हाद


॥ श्री ॥
तलासरी,
ता. १४-१२-५८

चि. प्रल्हाद यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायचं टाळत होते. जया आता उभी राहत नाही. नडग्यांवर सूज आहे, पायाला हात लावला की किंचाळते. कातडी कोरडी होऊन कोंड्यासारखी सुटते. भात तोंडात धरून ठेवते, गिळत नाही. अंगणात पळणारी पोर दिवसभर गोधडीवर पडून वाटेकडे बघते. कामाला येणारी रखमी म्हणाली, की बाई, पोरगी नुसती पाखरासारखी झाली.

दोन चमचे नेमाने देते आहे. मध्ये एकदा वाटलं, की दोन दिवस सगळंच बंद करून बघावं. पण तुझा शब्द मोडवला नाही. हे म्हणतात, की कासाला सरकारी दवाखान्यात दाखवू. तुझं मत कळव. शक्य तर येऊन जा.

यमुताई


॥ श्री ॥
डहाणू रोड,
ता. १८-१२-५८

ती. सौ. ताईस,
न. वि. वि.

पत्र पोचले. मालाचा हंगाम असल्यामुळे रजा मिळत नाही. कासाला अवश्य न्यावे.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहितो. मागे आलो होतो तेव्हा दिगू आणि शरू चांगली गुटगुटीत दिसली. त्याचा मला आनंदच आहे. पण एकाच घरात, एकाच चुलीवरचे खाऊन दोन मुले अंग धरतात आणि तिसरे वाळत जाते, हे कसे, ते मला समजत नाही. दूध कोणाला किती मिळते, हे मी येथून पाहू शकत नाही. मी तेल पाठवू शकतो, पण ते पोटात जाते की नाही, हे पाहणारे तिथे तिचे स्वतःचे माणूस नाही. वसू असती तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

राग मानू नये.

प्रल्हाद


॥ श्री ॥
तलासरी,
ता. १-१-५९

चि. प्रल्हाद यास,
आशीर्वाद.

जया वाचली आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी दोनाचे तीन चमचे केले. मला तुला दाखवायचं होतं. पोर तोंड फिरवायची तेव्हा मी तिचं नाक धरलं. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. तुझं पत्र आईंना वाचून दाखवताना तो मजकूर गाळला. त्या म्हणाल्या, की आज पत्र लवकर संपलं.

शनिवारी आम्ही तिला कासाला नेलं. आईही हट्टाने आल्या. डॉक्टर तरुण आहेत, नवीनच आलेत. त्यांनी पाय दाबून पाहिले आणि विचारलं, की घरी काय काय देता. मी म्हटलं, दूध, भात, डहाणूच्या डॉक्टरांचे थेंब. त्यांनी पुन्हा विचारलं, की आणखी काही, एखादा काढा, एखादं तेल. मी नाही म्हटलं. आई शेजारी उभ्या होत्या, प्रल्हाद. मग डॉक्टर ह्यांना म्हणाले, की हाडात पू झाल्यासारखं दिसतं, मुंबईला न्या, तिथे नडगी उघडून पाहावी लागेल. ह्यांनी मुंबईच्या गाडीची वेळ विचारली. मी तरीही गप्प होते.

तेव्हा आई पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, की डॉक्टर, माशाचं तेल देतात पोरीला. बाटली गोवऱ्यांच्या मागे असते. दसऱ्यानंतर सुरू झालं. मामलेदारापुढे साक्ष द्यावी तशा त्या बोलल्या, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी बाटली मागवली. हे बसने जाऊन घेऊन आले. डॉक्टरांनी वास घेतला, थेंब बोटावर चोळला, मग चिठ्ठी वाचली. विचारलं, की चिठ्ठी कॉडची आणि आत मुशीचं कसं. मी सांगितलं. ते म्हणाले, की मुशीचं तेल कॉडच्या कितीतरी पटींनी कडक असतं. त्या चिठ्ठीवरचं माप ह्याला लागू नाही. त्यातलं व्हिटॅमिन थेंबांतही होतं, म्हणजे दोन्हीकडून चाललं होतं. काही व्हिटॅमिनं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, हे जात नाही. काळजात साठत राहतं. केस, कातडी, ओठ, हाडं, सगळं त्याचंच. पोरगी अशक्त नव्हती, तिला जास्त झालं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की ताकदीची वस्तू द्यायला हरकत नसते, पण मोजून द्यावी, आणि विचारलं तर सांगावं.

तेल आणि थेंब दोन्ही त्याच दिवशी बंद केलं. आता पायाला हात लावू देते. काल भात मागून घेतला. केस येतील म्हणाले.

घरी आल्यावर मी आईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, की वास मला पहिल्याच संध्याकाळी आला होता. मी घरात असते तर तुला देता आलं नसतं आणि मला बघवलं नसतं, म्हणून मी देवळात जाऊन बसत होते. बिनआईच्या पोरीच्या पोटात जातंय, देव मला विचारणार नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, की अति झालं की माती होते, हे ठाऊक असून मी गप्प बसले. मी बोलायला हवं होतं. सून मला भिते, हे मला बरं वाटत होतं.

आणखी काय लिहू. दूध तिला दोघांच्या आधी मिळत होतं.

यमुताई


॥ श्री ॥
डहाणू रोड,
ता. ४-१-५९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मालधक्क्यावर मिळाले. पोत्यांमागे जाऊन वाचले.

माझे १८ तारखेचे पत्र जाळून टाक, असे लिहिणार होतो. पण जाळून काय होणार. ते मीच लिहिले आणि पत्ता घालून पेटीत टाकताना मला वाईटही वाटले नव्हते, उलट मोकळे वाटले होते. तू तिसरा चमचा दिलास तो माझ्या पत्राने दिलास. पहिले दोनही माझेच. तू स्वतःकडे काही घेऊ नको.

साठा झाला पाहिजे, असे मी लिहिले होते. झाला.

लडक्या आज भेटला. पोरगी पोहायला लागली का, असे विचारत होता. दुसरा डबा भरून ठेवला आहे म्हणाला. मी म्हटले, होडीला लाव. त्याला वाटले असेल, की साहेबांचे काहीतरी बिनसले. त्या बिचाऱ्याने मला होडीचे तेल म्हणूनच सांगितले होते.

काकूंना नमस्कार सांग, असे लिहावे तर हात चालत नाही. वासुदेवरावांनाही कोणत्या तोंडाने लिहू. लोभ मागण्याची माझी योग्यता राहिली नाही. संक्रांतीला एक दिवसाची रजा मिळेल, तेव्हा जयाला पाहून जाईन.

प्रल्हाद


॥ श्री ॥
डहाणू रोड,
ता. १८-१-५९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. त्या दिवशी जेवायला न थांबता निघालो, म्हणून तुम्हा सर्वांना वाईट वाटले असेल. तू स्वयंपाकघरात होतीस, तुला सगळे दिसले नाही, म्हणून लिहितो.

काकू ओटीवर जयाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, या, बसा, उन्हातून आलात. दुसरे काही नाही. त्या काही बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते. मी खिशातून तिळगूळ काढला आणि जयापुढे हात केला. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. रडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मागे मी येई तेव्हा विलायती तेलाचा पहिला चमचा मीच देत असे, ते तिला आठवत असणार. काकूंनी माझ्या हातातला तोच तिळगूळ घेऊन मोडला आणि तिच्यापुढे धरला, तेव्हा तिने लगेच खाल्ला.

उरलेला डहाणूपर्यंत खिशातच राहिला. काल सदऱ्याला मुंग्या लागल्या.

मी ठरवले आहे, की काही महिने तिथे न यावे. पोर सावरते आहे, तिला मी आठवू नये हे बरे. ती तुमच्याकडेच वाढावी, तुलाच आई म्हणावी. खर्चाचे नेमाने पाठवीन. हे रागाने लिहीत नाही.

प्रल्हाद


॥ श्री ॥
तलासरी,
ता. २५-१-५९

चि. प्रल्हाद यास,
यमुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र या खेपेस एक ओळही न गाळता आईंना वाचून दाखवलं. मग १८ डिसेंबरचंही वाचलं. लपवालपवी पुरे झाली. ऐकून त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, की बायको गेलेला माणूस कोणावर तरी रागावणारच, आपल्यावर रागावला म्हणजे आपल्याला घरचं समजतो. आणि न येण्याचं जे लिहिलंय ते खुळेपण आहे, असं माझ्या नावाने कळव. म्हणून कळवते.

ह्यांचा निरोप असा, की येताना खाणावळीला चार दिवसांचा खाडा सांगून ये.

जया परवापासून भिंतीला धरून चालते. डोक्यावर नवं मऊ जावळ आलंय, दिगू तिला टक्कू म्हणतो आणि मार खातो. हल्ली तिला नवा नाद लागलाय. अंगणातल्या चिंचेखालचे चिंचोके वेचते आणि ज्याचा हात मोकळा दिसेल त्याच्या तळहातावर नेऊन ठेवते. कोणाच्या हातात काही असलं, की त्याच्याकडे जात नाही. रखमीच्या हातात केरसुणी असते, तर तिला ती खाली ठेवायला लावते.

लहान मुलाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, ही रीत तुला आपल्या आईने शिकवली, मला ठाऊक आहे. या खेपेस ती मोड. खाऊ नको, बाहुली नको, फळ नको. रविवारी ये आणि ओटीवर नुसता बस. आई म्हणतात, की प्रल्हादला सांग, हात मोकळे ठेव.

वाट पाहते.

तुझी
यमुताई